मिस फ्रायर्सन यांची डकवलेली पानं

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या टॉलिव्हर शाळेच्या स्वयंपाकघरात खळ शिजायची आणि ती मी शिजवायचे. मी मुलींना गृहशास्त्र शिकवायचे, म्हणून चूल माझ्या ताब्यात. दोन वाट्या मैदा, आठ वाट्या पाणी, चिमूटभर तुरटी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचा आणि ढवळता हात थांबवायचा नाही. थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. सत्तावीस वर्षांत माझ्या खळीत एक गुठळी कुणाला सापडली नाही. आढ्यता म्हणा हवं तर.

ही खळ पुस्तकांसाठी. त्या आठवड्यात काउंटीचा ट्रक यायचा आणि गोऱ्यांच्या वेक्सली हायस्कूलनं वापरून टाकलेली पुस्तकं आमच्या पायरीवर ओतून जायचा. ओतून म्हणजे ओतूनच, रताळी ओततात तशी. प्रत्येक पुस्तकात आतल्या बाजूला एक छापील चौकट असायची. पुस्तक कोणत्या वर्षी कोणत्या विद्यार्थ्याला दिलं ते लिहायला पाच ओळी. पाचही ओळी भरल्या की पुस्तक आमच्याकडे. म्हणजे आमच्या पोरांना नाव लिहायला जागाच उरलेली नसायची. काही गोऱ्या पोरांनी खालच्या कोपऱ्यात आमच्यासाठी खास निरोपही लिहून ठेवलेला असायचा. तो काय असायचा ते मी इथं लिहिणार नाही. माझी आई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची.

पुस्तकांचा हा शनिवार सुरू केला मिस अल्झाडा फ्रायर्सन यांनी. त्या इतिहास शिकवायच्या. गावातल्या पंधरा-वीस बायका जमायच्या, दुकानातून आणलेल्या खाकी कागदाची कव्हरं घालायच्या आणि त्या भरलेल्या चौकटीवर पांढऱ्या कागदाची नवी चौकट डकवायच्या. पाच नव्या ओळी. दुपारी तळलेले मासे, मक्याचा पाव आणि उकडलेल्या शेंगा. मिस फ्रायर्सन मात्र चुलीजवळ फिरकायच्या नाहीत. त्यांना पाणीसुद्धा धड उकळता येत नसे आणि हे आम्हा सगळ्यांना इतकं माहीत होतं, की चर्चच्या जेवणावळीत त्यांच्याकडे फक्त कागदी रुमाल आणायचं काम असायचं.

मी त्यांची विद्यार्थिनी. एकोणीसशे पस्तीस साली चौदा वर्षांची असताना त्यांच्या वर्गात पहिल्यांदा बसले. उंच, सुकडी, सावळ्याच्या पुढची काळी बाई. डोक्यावर टोपी अशी सरळ, की वाटावं खिळा मारून बसवलीय. त्यांनी हजेरी घेतली आणि म्हणाल्या, "मिस गेदर्स." मी मागे वळून पाहिलं. मिस कोण आलीय म्हणून. सगळा वर्ग हसला.

"मागे भिंत आहे, मिस गेदर्स," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याशीच बोलतेय."

दक्षिण कॅरोलायनात तेव्हा कोणीही गोरा माणूस काळ्या बाईला मिस म्हणत नसे. तरुणपणी नुसतं नाव आणि म्हातारपणी 'मावशी'. मिस फ्रायर्सन आपल्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या पोरांना मिस्टर आणि मिस म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. छडी मारतानासुद्धा. "हात पुढे करा, मिस्टर ग्रीन." पुढे लग्न होऊन मी त्याच शाळेत शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या तोंडी शाळेच्या आवारात मी मिसेस डँट्झलर आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की व्हर्नेल. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

शिक्षण म्हणाल तर काउंटीत त्यांच्याएवढं कुणाचंच नव्हतं, गोऱ्यांतसुद्धा. आपल्या राज्यातल्या विद्यापीठात गोऱ्या पोरांच्या शेजारी काळी बाई बसायला नको, म्हणून सरकार स्वतःहून तिकीट काढून तिला न्यूयॉर्कला पाठवायला तयार असायचं. मिस फ्रायर्सन सहा उन्हाळे तिकडे गेल्या आणि एम. ए. होऊन आल्या. त्यावर त्या म्हणायच्या, "माझा एवढा मान या राज्यानं दुसऱ्या कशात राखला नाही."

पण त्यांचं खरं काम होतं पानं. इतिहासाची जी पुस्तकं आमच्या पायरीवर यायची, त्यांत गुलामीवरून झालेल्या यादवी युद्धानंतरच्या दहा-बारा वर्षांवर चार पानं असायची. गुलामीतून सुटलेल्या लोकांना राज्य करायची अक्कल नव्हती, त्यांनी गोंधळ घातला आणि अठराशे शहात्तर साली राज्यात पुन्हा सुव्यवस्था आली, असा त्या चार पानांचा मथितार्थ. मिस फ्रायर्सन ती पानं फाडत नसत. "वाचा," त्या म्हणायच्या. "शत्रूचं पत्र आलं तर ते जाळायचं नसतं, वाचायचं असतं." आणि त्या पानांना लागून त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली चार पानं डकवलेली असत. उन्हाळाभर त्या वही घेऊन काउंटीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. ऐंशी-नव्वदीची माणसं, काही तर गुलामीत जन्मलेली. त्यांना विचारून त्यांनी नावं जमवली होती. मग प्रत्येक पुस्तकासाठी ती चार पानं हातानं उतरवायची. चाळीस पुस्तकं म्हणजे चाळीस वेळा.

प्रत्येक पानावर वर एक साल. अठराशे पासष्ट, गुलामी संपली. अडुसष्ट, आपल्या बापजाद्यांनी पहिल्यांदा मत दिलं. शहात्तर, ते मत हिसकावून घेतलं. या सालांना मिस फ्रायर्सन देशाची वळणं म्हणायच्या. सालाखाली एकच प्रश्न लिहिलेला: कोण पडलं? आणि त्याखाली आमच्याच काउंटीतल्या माणसांची नावं.

"इतिहास लिहिणारा गाडीत पुढच्या बाकावर बसलेला असतो," त्या सांगायच्या. "गाडी वळली की तो टाळ्या वाजवतो. तुम्ही मागे बघा. वळणावर मागच्या फळीवरून कोण पडलं ते मोजा. हं, मिस्टर ग्रीन, अठराशे शहात्तर. कोण पडलं?"

मिस्टर ग्रीननं उभं राहून सात नावं सांगायची. त्यातलं पहिलं इझाया टॉलिव्हर. गुलाम म्हणून जन्मला, राज्याच्या विधानसभेत दोनदा निवडून गेला आणि शहात्तरच्या निवडणुकीआधी नदीत सापडला. आमची शाळा त्याच्या नावाची. पुस्तकातल्या सुव्यवस्थेचा अर्थ आम्हाला असा कळला होता.

एकोणीसशे चोपन्नच्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयानं निकाल दिला, की काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदेशीर. शिक्षकांच्या खोलीत लोक रडले. मीही रडले. मिस फ्रायर्सन रडल्या नाहीत, पण त्यांनी टोपी काढली. शाळेत त्यांना बिनटोपीचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. केस पार पिकले होते.

"मिस फ्रायर्सन," मी चेष्टेत म्हटलं, "वळण आलं. आता कोण पडणार ते सांगा."

"या खेपेला कुणी नाही," त्या म्हणाल्या. "या खेपेला लगाम आपल्या हातात आहे, मिसेस डँट्झलर."

वीस वर्षं पोरांना तो प्रश्न विचारणारी बाई, तिनं स्वतः तो एकदाच विचारायचा सोडला. मी त्यांना दोष देत नाही. आम्ही सगळेच त्या दिवशी पुढच्या बाकावर बसलो होतो.

काउंटीनं अर्थातच काही केलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी मिस फ्रायर्सन अर्ज घेऊन घरोघर फिरल्या, शाळा एकत्र करा म्हणून. एकोणतीस जणांनी सही केली. त्यात मी एक. माझा नवरा लेम लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. सह्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली बुधवारी आणि शुक्रवारी गिरणीवाल्यानं लेमला सांगितलं, की तुझी करवत आता दुसरा चालवेल. त्यानंतर लेमला या काउंटीत बारा महिन्यांचं काम कधी मिळालं नाही. शेंगा काढायला जायचा, चर्चचं छत दुरुस्त करायचा, मासे पकडायचा. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अशी पंधरा वर्षं गेली. सत्तर साली न्यायालयानं काउंटीच्या नरडीवर पाय दिला, तेव्हा कुठे शाळा एकत्र करायचं ठरलं. आणि तेव्हा आम्हाला एकत्र या शब्दाचा अर्थ कळला. वेक्सली हायस्कूल वेक्सलीच राहणार, टॉलिव्हर बंद होणार. आमची पोरं तिकडे जाणार. तिकडची पोरं कुठेच जाणार नव्हती. टॉलिव्हरच्या इमारतीत काउंटीच्या बसगाड्या दुरुस्त करणार. आमचे बावीस शिक्षक होते. त्यातले किती घ्यायचे ते शिक्षण अधिकारी ठरवणार, आणि तो अधिकारी होता हॉलिस स्टब्ज.

एप्रिलमध्ये एकेकाला बोलावणं आलं. मला आलं मंगळवारी दुपारी. स्टब्जच्या कचेरीत मी आधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा उभ्यानं. या वेळी तो म्हणाला, "बस, व्हर्नेल."

मी बसले.

"जत्रेत तुझ्या हातची बिस्किटं खाल्ली होती आमच्या हिनं. अजून नाव काढते बघ."

"आभारी आहे, सर."

"आता स्वयंपाक-शिवण शिकवणाऱ्या बाईबद्दल कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. तुझी जागा मी धरून ठेवलीय नव्या शाळेत. लेमचं कसं चाललंय? काही कामबिम?"

"मिळेल तसं करतो, सर."

"हं. म्हणजे घर तुझ्यावरच." त्यानं टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढलं. खाकी कव्हर, आमच्याकडचं. उघडलं आणि मिस फ्रायर्सन यांच्या पानांवर बोट ठेवलं. "हे अक्षर अल्झाडाचं ना?"

मी पानाच्या जोडाकडे बघत राहिले.

"हे बघ, ती हुशार आहे, मला मान्य आहे. माझ्यापेक्षा जास्त शिकलीय, तेही मान्य. गणित शिकवत असती तर मी डोळे मिटून घेतली असती. पण इतिहास, व्हर्नेल! माझ्या नातवाला ती त्याच्या खापरपणज्याबद्दल काय सांगणार? ही सात माणसं नदीत कुणी टाकली म्हणून सांगणार? लोक पोरं काढून घेतील. शाळा बसेल. मग ना तुमची पोरं शिकणार, ना आमची."

मग त्यानं एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. तीनच ओळी. सरकारी पुस्तकांत मंजूर नसलेला मजकूर डकवून अल्झाडा फ्रायर्सन यांनी पुस्तकं खराब केली, आणि सदर अक्षर त्यांचंच असल्याचं मला माहीत आहे.

"खोटं काही नाही ना त्यात?" तो म्हणाला. "असेल तर सांग. मी बदलून घेतो."

खोटं काही नव्हतं. तीच तर गोम होती. अक्षर त्यांचं होतं, पानं डकवलेली होती. फक्त खळ माझी होती, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं असतं, तर तो काय म्हणाला असता? कदाचित हसला असता. कदाचित माझी जागाही गेली असती. मी तोंड उघडलं नाही. लेमची करवत माझ्या एका सहीनं गेली होती, आता दुसऱ्या सहीनं आमचं घर राहणार होतं. मी त्याच्या पेननं सही केली. वळणदार, स्वच्छ. तसं अक्षर काढायला मिस फ्रायर्सन यांनीच शिकवलं होतं.

बाहेर पडले तेव्हा ऊन होतं. मी बाजारातून कांदे आणि साबण घेतला आणि घरी आले. माणूस असलं काही करून आल्यावर कांदे घेतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बावीसपैकी नऊ जण घेतले. तेरा घरी बसले. त्यात आमचे मुख्याध्यापक, सव्वीस वर्षं शाळा चालवलेले. मिस फ्रायर्सन यांना काढलं नाही. दीर्घ सेवेचा विचार करून त्यांना वेक्सलीच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी, पुस्तकं वाटायच्या खोलीवर नेमलं. इतिहास दिला फुटबॉलच्या कोचकडे. त्याला सालं आठवायची नाहीत, पण सामन्यांचे गुण सगळे आठवायचे.

हे कळलं त्या संध्याकाळी मिस फ्रायर्सन आमच्या ओसरीवर आल्या. लेम शेंगा उकडत होता, मी वाटाणे सोलत होते. त्या खुर्चीत बसल्या. टोपी डोक्यावर होती.

"म्हणे कुणाचा तरी जबाब आहे माझ्याविरुद्ध," त्या म्हणाल्या. "पण सही कुणाची, ते मला दाखवलं नाही."

लेम तडकला. "आपल्यातलाच कोणी तरी गोऱ्यांचे बूट चाटणारा असेल. नाव कळू द्या मला, मिस. त्याला मी चर्चच्या पायरीवर विचारतो."

"काय विचारशील?" त्या म्हणाल्या.

"विचारीन की किती मिळाले."

"लेम, जाळ बघ," मी म्हणाले.

मिस फ्रायर्सन माझ्याकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. "ज्याला माझं अक्षर खात्रीनं ओळखता येतं असं कोणी तरी," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच शिकवलेलं कोणी तरी. एवढं तर नक्की." मग त्यांनी एक शेंग फोडून तोंडात टाकली. "मीठ कमी पडलंय, लेम."

त्यांना ठाऊक होतं का? तेव्हा मी स्वतःला समजावलं, की नाही. वाटाणे सोलत राहिले. एक दाणा खाली पडला नाही माझ्या हातून.

जूनमध्ये टॉलिव्हर रिकामी केली. वर्गांतल्या भिंतीवरच्या तसबिरी, पोरांनी जिंकलेले करंडक, इझाया टॉलिव्हरचा फोटो, सगळं मागच्या मैदानात. पुस्तकांचा ढीग माणसाच्या छातीएवढा. खराब केलेली सरकारी पुस्तकं म्हणून ती जाळायची असा हुकूम होता. काउंटीच्या माणसानं रॉकेल ओतलं. आम्ही काही जणी कुंपणाजवळ उभ्या होतो. मिस फ्रायर्सन सरळ ढिगापाशी चालत गेल्या आणि वाकून एक पुस्तक उचललं.

"ए मावशी, मागे हो," तो माणूस ओरडला.

"मिस फ्रायर्सन," त्या म्हणाल्या. पुस्तक काखेत धरलं आणि त्याच्या समोरून फाटकाबाहेर निघून गेल्या. त्यानंतर त्यानं काडी लावली. मैद्याची खळ जळते तेव्हा करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. तो मला अजून स्वयंपाक करताना मध्येच येतो, चुलीवर काही नसलं तरी.

नव्या शाळेत माझं बरं चाललं. चकचकीत ओटे, सहा शेगड्या. गोऱ्या मुली मला व्हर्नेल म्हणायच्या, मग कोणी तरी त्यांना सांगितलं असावं, मिसेस म्हणायला लागल्या. पोरांची मारामारी पहिल्या वर्षी दोनदा झाली, पुढे थंडावली. लोक म्हणतात शाळा एकत्र झाल्या ते चांगलं झालं. झालंच. माझ्या दोन्ही नाती त्याच शाळेतून शिकल्या, एक डॉक्टर आहे. मी कुठे नाही म्हणतेय?

तळघरात जायचं मी टाळायचे. पण ऑक्टोबरमध्ये एकदा शिवणाच्या पुस्तकांसाठी जावंच लागलं. मिस फ्रायर्सन खिडकीसारख्या एका भोकामागे बसल्या होत्या. कोट अंगात, टोपी डोक्यावर, बॉयलर धडधडतोय. समोर नवी कोरी पुस्तकं. चौकटीत पहिलीच ओळ रिकामी. आमच्यातला एक पोरगा पुस्तक न्यायला आला होता. त्याला त्या म्हणाल्या, "पहिल्या ओळीवर लिहा, मिस्टर स्वेट. तुम्हीच पहिले आहात." पोरगा खुदकन हसून गेला. त्याला काय त्याचं?

मग त्या मला म्हणाल्या, "मिसेस डँट्झलर, थोडी खळ करून द्याल का? एक वाटीभर. मला एक पान डकवायचंय."

वाटीभर खळ. पाच मिनिटांचं काम. पण माझ्या डोळ्यांपुढे स्टब्ज आला, तो तीन ओळींचा कागद आला आणि सहा शेगड्या आल्या. मी म्हणाले, "इथल्या स्वयंपाकघरात तसलं काही करायला परवानगी नाही, मिस फ्रायर्सन. दुकानात डिंकाची बाटली मिळते."

"मिळते," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे." आणि शिवणाची बारा पुस्तकं मोजून माझ्या हातावर ठेवली.

त्यांनी पुन्हा कधी काही मागितलं नाही. सहा वर्षं त्या भोकामागे बसून त्या निवृत्त झाल्या. रविवारी चर्चमध्ये भेटायच्या, माझ्या तब्येतीची, लेमची, पोरांची विचारपूस करायच्या. मी दरवर्षी नाताळला केक घेऊन जायचे. त्या दार उघडायच्या, आभार मानायच्या, आत बोलवायच्या. मी घाईत आहे असं सांगायचे. सांगून टाकावं, एकदाच बोलून मोकळं व्हावं, असं प्रत्येक नाताळला ठरवायचे आणि केक देऊन परत फिरायचे. तेरा केक झाले.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये मिस फ्रायर्सन गेल्या. वय बहात्तर. वर्तमानपत्रानं चार ओळी छापल्या आणि निवृत्त शालेय कर्मचारी असं लिहिलं. शिक्षिका हा शब्द नव्हता. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, कागदोपत्री तसंच आहे, मॅम.

अंत्यविधीनंतर त्यांची भाची माझ्याकडे आली. न्यूयॉर्कहून आली होती, माझी ओळख नव्हती. तिनं खाकी कागदात बांधलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलं. वर ते अक्षर: मिसेस व्हर्नेल डँट्झलर.

घरी येऊन मी ते ओट्यावर ठेवलं आणि उघडलं. मैदानातल्या ढिगातून उचललेलं तेच पुस्तक. एका बाजूला रॉकेलचा पिवळा डाग. आत नवी चौकट, तिच्यावर आमच्या पोरांची पाच नावं. मधे चार पानं, पासष्ट, अडुसष्ट आणि पुढची, माझ्या खळीनं बसलेली, कडेला हात फिरवला तर जोड कळत नाही. आणि त्यांच्यानंतर पाचवं पान. ते मी कधी पाहिलं नव्हतं. वर साल लिहिलेलं, एकोणीसशे सत्तर. शाळा एक झाल्या. त्याखाली तोच प्रश्न. कोण पडलं?

चौदा नावं होती. घरी बसवलेल्या तेरा जणांची पहिली तेरा, मुख्याध्यापकांपासून. चौदावं माझं.

त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

लेमनं वाचलं आणि म्हणाला, "तुझं कसं काय गं यात? तुझी तर नोकरी राहिली होती." तेव्हा मी त्याला सांगितलं. अठ्ठावीस वर्षं एका सहीबद्दल गप्प राहिलेल्या माणसाला दुसरीबद्दल सांगितलं. तो उठून ओसरीवर जाऊन बसला. चर्चमधल्या एका मैत्रिणीलाही पुढे मी सांगितलं. ती म्हणाली, अगं, म्हणजे क्षमा केली त्यांनी तुला. तिला मिस फ्रायर्सन यांचा वर्ग मिळाला नव्हता. त्यांनी कुणाचं चुकलेलं उत्तर कधी माफ केलं नाही. त्या फक्त समासात बरोबर उत्तर लिहायच्या आणि वही परत द्यायच्या.

त्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून मी त्या पाचव्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. डिंकाची बाटली त्यांनी आणली नव्हती. मैद्याचीच खळ होती, त्यांनी स्वतः शिजवलेली, जिला पाणी उकळता येत नव्हतं त्या बाईनं. मैदा गार पाण्यात कालवलेलाच नव्हता. वरपासून खालपर्यंत नुसत्या गुठळ्या.